सौरबोटीने अटलांटिक पार करायचा असेल तर: हिशेब, तयारी आणि कामांचा क्रम

सौरऊर्जेवर चालणाऱ्या बोटीने महासागर ओलांडायचं ठरवणारे बहुतेकजण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी बोट पसंत करतात, मग मोटर, मग परवडेल तेवढी मोठी बॅटरी. सगळं बसवून झाल्यावर विचारतात, "आता ही दिवसाला किती मैल जाईल?" खरं तर पहिला प्रश्न हाच हवा. त्याचं उत्तर कागदावर मिळतं, आणि ते मनासारखं नसेल तर पैसे खर्च होण्याआधी कळलेलं बरं.

इथे एकच मार्ग धरला आहे: कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास ते कॅरिबियनमधलं मार्टिनिक, सुमारे २७०० सागरी मैल. वारा आणि प्रवाह दोन्ही पाठीशी असलेला हा रस्ता नवख्या सौरबोटीला सर्वांत सोयीचा आहे. शिवाय आपला हिशेब पडताळायला खरे आकडे हाताशी आहेत. 'सन-२१' ही १४ मीटर लांबीची स्विस कॅटमरान (दोन समांतर सांगाड्यांची सौरबोट) याच मार्गाने २९ दिवसांत, २ फेब्रुवारी २००७ रोजी मार्टिनिकला पोहोचली. नमुना म्हणून आपणही तेवढीच बोट घेऊ: दोन सांगाडे, १० किलोवॅटची पॅनेलं, दोन मोटरी, चार माणसं.

१. ऊर्जेचा हिशेब: बोट घेण्याआधी

पॅनेलवर लिहिलेले १० किलोवॅट हे प्रयोगशाळेतले. समुद्रावर विचार करायचा तो दिवसाकाठी किती युनिट मिळतील याचा. (एक युनिट म्हणजे घरच्या वीजबिलातलंच, एक किलोवॅट एक तास.)

डिसेंबर ते फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे असतो. आडव्या पॅनेलला कॅनरीजवळ दिवसाला जेमतेम ४ तासांचं पूर्ण ऊन मिळतं, १५ अंश अक्षांशाकडे उतरलात की ५ तासांच्या आसपास. सरासरी साडेचार धरू. १० गुणिले साडेचार, म्हणजे ४५ युनिट. यातला चौथा हिस्सा लगेच सोडून द्या: तापलेली पॅनेलं, मिठाचा थर, तारांमधली घट, अँटेनाची सावली. उरले ३४.

आता बोटीचा घरखर्च. स्वयंचलित सुकाणू, फ्रिज, दिवे, रडार, उपग्रह संपर्क, पाणी गोडं करायचं यंत्र आणि स्वयंपाक मिळून दिवसाला ५ युनिट सहज लागतात. मोटरीसाठी उरले २९. ते २४ तासांना वाटले की १२०० वॅट. एवढ्यावर ही बोट साधारण साडेतीन नॉटने चालेल (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). म्हणजे दिवसाला ८४ मैल आणि पोहोचायला ३२ दिवस. पाठीमागून वारा आणि थोडा प्रवाह मिळाला तर दोन-तीन दिवस वाचतील. 'सन-२१'चे २९ दिवस याच्याशी जुळतात, म्हणून या पद्धतीवर भरवसा ठेवता येतो.

नेहमीची चूक: किनाऱ्यावरच्या सौरबोटीचे आकडे महासागराला लावणं. केरळात वैकमला जानेवारी २०१७ पासून धावणारी 'आदित्य' फेरीबोट उत्तम चालते. पण तिची फेरी काही मिनिटांची असते आणि धक्क्याला लागल्यावर तिला विजेची जोडणी मिळते. समुद्रात मध्येच जोडणी मिळत नाही. तिथली बोट रोजंदारीवर जगते. आज जे कमावलं तेच उद्या सकाळपर्यंत पुरवायचं.

तपासा: हिशेबात ४५ दिवसांपेक्षा जास्त लागत असतील तर बोट जड आहे किंवा पॅनेलं कमी आहेत. बॅटरी वाढवून हे सुटत नाही. वजन कमी करा, नाहीतर लांब आणि अरुंद सांगाड्याची बोट बघा.

२. वेग किती ठेवायचा

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

पाण्यातून जाताना लागणारी शक्ती वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. आपल्या बोटीला साडेतीन नॉटला १२०० वॅट लागत असतील, तर ५ नॉटला साडेतीन किलोवॅट आणि ७ नॉटला साडेनऊच्या वर. म्हणजे ऐन दुपारच्या उन्हातही सगळी पॅनेलं मिळून ७ नॉट धड देणार नाहीत.

यातून जो नियम निघतो तो पुष्कळांना पटत नाही: चोवीस तास एकाच मंद गतीने चाला. "दिवसा ऊन आहे तोवर जोरात जाऊ, रात्री मोटर बंद ठेवू, बॅटरी कशाला झिजवायची," हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आकडे काय सांगतात ते बघा. रोजचे २९ युनिट ८ तासांत संपवले तर मोटरीला ३६०० वॅट मिळतात आणि वेग जातो ५ नॉटवर. आठ तासांत ४० मैल. तेच २९ युनिट २४ तास पुरवले तर ८४ मैल. ऊर्जा तेवढीच, अंतर दुपटीहून जास्त. रात्री बॅटरीतून जाणाऱ्या विजेत थोडी घट होते ती धरली तरी फरक मिटत नाही.

मोटरीचा लीव्हर वेगावर लावू नका, वॅटवर लावा. समोरून लाट आली, वेग घटला की हात आपोआप लीव्हरकडे जातो. तिथे आवरायचं. "आज रात्री १२०० वॅट" ठरलं की वेग तीन होवो वा चार, आकडा १२०० च राहतो.

३. बॅटरी: रात्रीपुरती, अधिक एक वाईट दिवस

सूर्योदयानंतरचा एक तास आणि सूर्यास्ताआधीचा एक तास पॅनेलं फारसं काही देत नाहीत. हिवाळ्यात या अक्षांशावर दिवस सव्वाअकरा तासांचा. म्हणजे जवळपास १५ तास बोट बॅटरीवर असते. मोटर आणि घरखर्च मिळून १४०० वॅट धरले तर २१ युनिट लागतात. एक ढगाळ दिवस आणि बंदरात शिरतानाची झटापट यासाठी तेवढीच शिल्लक ठेवा. वापरता येण्याजोगे ४५ युनिट, म्हणजे बसवलेले ६०. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात त्याचं वजन सहाशे किलोच्या आसपास होतं.

यापेक्षा मोठी बॅटरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जास्तीची बॅटरी एक ढगाळ दिवस आणखी भागवेल, पण तिचं वजन तुम्ही रोज, प्रत्येक लाटेवरून ओढत नेणार.

बॅटरीचे दोन स्वतंत्र संच करा, प्रत्येकाचा फ्यूज आणि मुख्य स्विच वेगळा. लिथियम बॅटरीचं संरक्षक सर्किट व्होल्टेज फार खाली गेलं की सगळं एका क्षणात बंद करतं: मोटर, सुकाणू, दिवे. म्हणून त्याच्या बऱ्याच आधी, २५ टक्क्यांवर, मोठ्या आवाजाचा अलार्म लावा.

सावधान: व्हीएचएफ रेडिओ (जवळच्या जहाजांशी बोलायचा), एआयएस (जहाजांना एकमेकांची जागा कळवणारं यंत्र), जीपीएस आणि मार्गदर्शक दिवे मुख्य बॅटरीवर ठेवू नका. त्यांच्यासाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी, तिला स्वतःचं छोटं पॅनेल आणि स्वतःचा कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारी पेटी). मुख्य यंत्रणा पूर्ण मेली तरी बोट इतरांना दिसली पाहिजे आणि तुम्हाला मदत मागता आली पाहिजे.

४. पॅनेलं आणि जोडण्या

अ) पॅनेल आणि छत यांच्यामध्ये हवा खेळायला जागा ठेवा, निदान चार बोटं. पेशींचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. छताला चिकटवलेलं लवचिक पॅनेल दुपारी साठीच्या पुढे सहज जातं. तिथेच आठवा हिस्सा गेला. शिवाय मीठ आणि उष्णतेने त्याचे थर सुटतात.

आ) जागा सोडली की वारा पॅनेलखाली शिरून ते उचलायला बघतो. म्हणून चौकट छताच्या आरपार बोल्टने कसा, खालून मोठे वॉशर लावा. नुसत्या स्क्रूवर भागवू नका.

इ) सगळी पॅनेलं एकाच कंट्रोलरला जोडू नका. दोन-तीन पॅनेलांमागे एक एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलांतून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार) ठेवा. पश्चिमेकडे जाताना सूर्य डावीकडे, दक्षिणेला असतो, आणि दुपारनंतर समोर येतो. अँटेनाची किंवा कठड्याची सावली दिवसभर फिरत राहते. कंट्रोलर वेगळे असतील तर ती सावली दोन पॅनेलांचंच नुकसान करते.

ई) जोडण्या. माझ्या मते या सगळ्या तयारीतलं सर्वांत दुर्लक्षित काम हेच. पॅनेलाखालचा प्लग उघडून बघा: पिनेवर हिरवट पूड दिसली, रबरी कडीवर मिठाचे पांढरे कण असले, तर तो प्लग आतून तापतो आहे. तारेचे टोक कापून बघा. तांबं काळं पडलं असेल तर खारट पाणी इन्सुलेशनच्या आतून वर चढलेलं आहे. कलई केलेली सागरी तारच वापरा. प्रत्येक प्लग आडवा किंवा खाली तोंड करून बांधा, आणि तारेला प्लगाच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जाईल.

तपासा: भर दुपारी, पूर्ण भारावर, प्रत्येक जोडणीवर तापमापी बंदूक धरा. शेजारच्या जोडणीपेक्षा १० अंश जास्त गरम लागली ती जोडणी नवी करा.

५. सुकाणू आणि पंखे

महासागरात पॅनेलांआधी सुकाणू दगा देतं. २०१६ साली 'सीचार्जर' ही जेमतेम अडीच मीटरची मनुष्यरहित सौरबोट कॅलिफोर्नियाहून ४१ दिवसांत हवाईला पोहोचली. पुढे न्यूझीलंडकडे जाताना तिची पॅनेलं शाबूत होती. मोडलं ते सुकाणू. पाठीमागून येणाऱ्या लाटा बोटीला सारख्या आडवं वळवू बघतात आणि स्वयंचलित सुकाणू दिवसरात्र ते सरळ करत राहतं. त्याचा पूर्ण सुटा संच सोबत हवा: मोटर, पट्टा, कंट्रोल पेटी, सगळं. हाताने धरायचा दांडाही हवा, आणि तो एकदा लावून प्रत्यक्ष बोट चालवून बघितलेला हवा.

पंखे (पाण्याखालचे प्रोपेलर) मोठ्या व्यासाचे, हळू फिरणारे निवडा. छोटा पंखा जोरात फिरवणारी मोटर स्वस्त मिळते, पण आपल्या मोजक्या वॅटांतले बरेच ती पाणी घुसळण्यात घालवते.

६. मार्ग आणि महिना

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ईशान्येचे व्यापारी वारे डिसेंबरनंतर नीट स्थिरावतात. त्यामुळे निघायचं डिसेंबरअखेर ते जानेवारी.

नकाशावर लास पाल्मास ते मार्टिनिक सरळ रेघ ओढू नका. आधी नैऋत्येकडे, साधारण २० अंश अक्षांशापर्यंत उतरा, मग पश्चिमेला वळा. अंतर थोडं वाढतं, पण ऊन वाढतं, वारा पाठीशी येतो आणि उत्तरेकडच्या वादळांच्या ढगांपासून तुम्ही लांब राहता. केप व्हर्द बेटांवरचं मिंदेलो बंदर डाव्या हाताला राहील. पहिल्या आठवड्यात काही बिघडलं तर तिकडे वळायचं हे निघतानाच ठरवून ठेवा. मिंदेलो मागे पडलं की परतणं जवळजवळ अशक्य होतं, कारण १५-२० नॉटच्या वाऱ्याला तोंड देत १२०० वॅटची बोट पुढे सरकत नाही.

याच कारणाने याच वाटेने परत यायचा बेत करू नका. 'सन-२१' मार्टिनिकहून मागे फिरली नाही, उत्तरेला जाऊन मे २००७ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. तुमची बोट मालवाहू जहाजावर चढवून परत आणायचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा.

कॅनरीजवळ दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. सहारावरून येणारी धूळ एका रात्रीत पॅनेलांवर तांबूस थर देते. आणि बोट स्पेनच्या मुख्य किनाऱ्यावरून आणणार असाल, तर २०२० पासून जिब्राल्टर आणि पोर्तुगालच्या आसपास ओर्का देवमासे बोटींची सुकाणू मोडत आले आहेत. त्या भागातल्या ताज्या सूचना वाचूनच निघा.

७. माणसं, कागद, सामान

एकट्याने जाऊ नका. सतत नजर ठेवणं हा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि एकटा माणूस महिनाभर तो पाळू शकत नाही. चार माणसं, तीन-तीन तासांच्या पाळ्या.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. शिडाच्या बोटींच्या सोबतीने जाता म्हणून तुम्हाला त्यांचे हक्क मिळत नाहीत. टक्कर टाळण्याच्या नियमांत सौरबोट यंत्रचलित बोटच आहे. समोरून येणाऱ्या शिडाच्या बोटीला वाट तुम्हीच द्यायची, आणि रात्री बाजूच्या व मागच्या दिव्यांबरोबर वरचा पुढचा पांढरा दिवाही लावायचा.

भारतीय पासपोर्टवाल्यांची हमखास अडचण: मार्टिनिक फ्रान्सचा भाग असलं तरी शेंगेन क्षेत्रात (युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात) नाही. शेंगेन व्हिसावर लास पाल्मासहून सुटाल, पण मार्टिनिकला उतरायला फ्रान्सच्या त्या प्रदेशासाठी वैध असलेला व्हिसा लागतो. अर्ज करतानाच ते सांगा. लास पाल्मास सोडताना पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का आणि बंदराचा निघण्याचा दाखला घ्यायला विसरू नका. पुढचं बंदर तो दाखला मागतं.

पाणी: माणशी रोज ३ लिटर, ४५ दिवस, चौघांना ५४० लिटर. पाणी गोडं करायचं यंत्र असलं तरी ३०० लिटर टाकीत आणि १०० लिटर सुट्या कॅनमध्ये ठेवा. हाताने चालवायचं छोटं यंत्रही जीवनतराफ्याच्या पिशवीत टाका. तराफा, उपग्रहाद्वारे संकेत देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (नोंदणी केलेला), सुरक्षा पट्टे, डेकवर दोन्ही बाजूंना बांधलेल्या पट्टादोऱ्या, समुद्रनांगर (पाण्यात सोडून बोट रोखून धरणारं कापडी छत्र), या यादीत काटछाट नाही. वजन वाचवायचं तर कपड्यांत आणि डबाबंद खाण्यात वाचवा.

८. चाचण्या: याच क्रमाने

१) धक्क्याला दोन दिवस. किनाऱ्याची वीज काढून टाका आणि बोटीवरच राहा, शिजवा, झोपा. घरखर्चाचे ५ युनिट खरे की आठ, ते कळेल. बहुतेकांचे आठ निघतात.

२) एका दिवसाची वेगचाचणी. शांत पाण्यात ५००, १०००, १५००, २५०० वॅटला वेग मोजा, एकदा जाताना आणि एकदा येताना, म्हणजे प्रवाह वजा होईल. हा तक्ता छापून सुकाणूजवळ चिकटवा. बोट पूर्ण भरलेली असताना मोजा. रिकाम्या बोटीचे आकडे पुढे फसवतात.

३) तीन दिवस, तीन रात्री, न थांबता.

४) हीच तीन दिवसांची फेरी पुन्हा, पण दुसऱ्या दिवशी अर्धी पॅनेलं ताडपत्रीने झाकून. ढगाळ दिवस कसा असतो ते बंदराजवळ असतानाच समजतं. कोणती उपकरणं आधी बंद करायची याची यादी इथेच तयार होते.

बोट युरोपात आणि तुम्ही इथे असाल तर पाळ्यांचा सराव कोकण किनाऱ्यावर होऊ शकतो. पावसाळा संपल्यावर कुणाच्याही बोटीवरून मुंबई ते गोवा रात्रीचा प्रवास करा. जयगड, रत्नागिरीच्या समोर अंधारात मच्छीमार जाळ्यांचे बोये हुकवत चार तास नजर ठेवायची सवय झाली की भर समुद्रातली पाळी सोपी जाते.

तपासा: चौथी चाचणी बॅटरी २५ टक्क्यांखाली न जाता पार पडली का? नसेल तर निघू नका. तारीख पुढे ढकला.

९. समुद्रावरचा रोजचा क्रम

पहाटे. सूर्योदयाला बॅटरी किती टक्के आहे, ते वहीत लिहा. सगळ्या प्रवासात हा एकच आकडा रोज पाहायचा. काल ३८, आज ३५, उद्या ३१ अशी उतरण दिसली तर त्याच दिवशी रात्रीचे वॅट शंभर-दीडशेने कमी करा. "उद्या ऊन पडेल" म्हणून थांबू नका. चढण दिसली तर तेवढेच वाढवा.

उजाडताना. पॅनेलांवर दव असतं. त्याने मीठ सैल होतं, म्हणून ऊन चढण्याआधी मऊ ओल्या फडक्याने पुसून घ्या. दव सुकलं की तेच मीठ घट्ट बसतं आणि काच ओरखडते. रात्री येऊन आदळलेले उडते मासे उचला, त्यांचे चिकटलेले खवले नखाने नाही, ओल्या कापडाने काढा. एका कंट्रोलरची पॅनेलं पुसून शेजारच्याशी आकडा ताडून बघा; दोन्हींत फरक दिसला तरच बाकीची पुसायला छतावर वेळ घालवा. छतावर चढणारा माणूस पट्टादोरीला अडकवलेलाच असला पाहिजे, समुद्र कितीही शांत असो.

दुपारी. बॅटरी ९० टक्क्यांच्या पुढे गेली की कंट्रोलर पॅनेलांना आवरायला लागतात, म्हणजे येणारं ऊन वाया जातं. भारी कामं तेव्हाच करा: पाणी गोडं करणं (छोट्या यंत्राला लिटरमागे ४-५ वॅट-तास), उपकरणांचं चार्जिंग, इंडक्शनवर कुकर लावून रात्रीचीही खिचडी. तरीही ऊन उरलं तर मोटरीचे वॅट वाढवा. मंद चालण्याच्या नियमाला ही एकच सूट.

संध्याकाळी. सूर्यास्ताचा टक्का लिहा, उद्या सकाळी किमान ३० उरावेत असे रात्रीचे वॅट ठरवा आणि ते पाळीच्या फळ्यावर लिहा. रात्रीच्या पाळीवाल्याने ते स्वतःहून बदलायचे नाहीत, फक्त जहाज टाळताना किंवा बोट आडवी होत असताना.

नेहमीची चूक: निघतानाच्या घड्याळावर हा दिनक्रम चालवणं. लास पाल्मास ते मार्टिनिक म्हणजे पंचेचाळीस रेखांश, तीन तासांचा फरक. रोज सूर्य पाच-सहा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. नोंदी सूर्योदय आणि सूर्यास्ताशी बांधा.

१०. काही बिघडलं तर

वॅट तेवढेच, पण वेग घटतोय. अचानक घटला तर पंख्यात काहीतरी अडकलं आहे. प्रवासाच्या उत्तरार्धात सरगॅसम शेवाळाचे पिवळसर पट्टे लागतात. मोटर थांबवा, थोडी उलटी फिरवा, पुन्हा पुढे. हळूहळू, आठवडाभरात घटत गेला तर तळाला शिंपल्यासारखे जीव धरले आहेत. तीन-चार नॉटच्या बोटीला ते भर समुद्रातही धरतात.

सावधान: तळ साफ करायला पाण्यात उतरायचं तर लाटा शांत असताना, दोरी बांधून, वर एक माणूस फक्त नजर ठेवायला ठेवून. मोटरीचा मुख्य स्विच काढा आणि त्याची किल्ली उतरणाऱ्याच्या गळ्यात घाला. स्वयंचलित सुकाणूही बंद करा.

सलग ढग. पहिल्या दिवशी मोटर निम्म्या वॅटवर आणा. वेग फक्त पाचव्या हिश्शाने घटतो. दुसऱ्या दिवशी फ्रिज आणि पाण्याचं यंत्र बंद. बॅटरी २५ टक्क्यांवर आली की मोटर बंद करा, सुकाणू आणि दिवे चालू ठेवा. व्यापारी वाऱ्यात पॅनेलांच्या छतालाच वारा लागून बोट पश्चिमेकडे सरकत राहते.

पाठीमागून मोठ्या लाटा. बोट लाटेवरून घसरून आडवी व्हायला लागली तर मोटर वाढवून सुटका होत नाही. मागून लांब दोर किंवा ओढनांगर (पाण्यातून ओढला जाणारा कापडी शंकू) सोडून वेग कमी करा. हा दोर कुठे बांधायचा, कुठून सोडायचा हे चौघांनाही अंधारात करता आलं पाहिजे.

जळका वास. ताबडतोब दोन्ही बॅटरी संचांचे स्विच काढा. पॅनेलं उन्हात असताना बंद होत नाहीत, म्हणून त्यांच्या तारांना वेगळा डीसी स्विच लागतो. तो बॅटरीच्या खोलीत बसवू नका, बाहेर डेकवर ठेवा. चालू डीसीचा प्लग हाताने ओढू नका, ठिणगीची कमान पडते.

११. किनारा दिसल्यावर

बंदरात नेहमी उजेडात शिरा, आणि बॅटरी ६० टक्क्यांवर असताना. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत वॅट कमी करून शिल्लक वाढवा. पहाटे पोहोचणार असं दिसलं तर किनाऱ्यापासून दहा मैलांवर थांबून ऊन घ्या. मार्टिनिकमधल्या ले मारँच्या खाडीत नांगरलेल्या बोटींची दाटी असते. बाजूचा वारा छताला लागला की बोट झपाट्याने सरकते आणि तेव्हा काही मिनिटं ५-६ किलोवॅट लागतात. महिनाभर हजार वॅटची सवय झालेल्या हाताला हे सुचत नाही, म्हणून आत शिरण्याआधी मोकळ्या पाण्यात एकदा पूर्ण जोरात पुढे आणि मागे चालवून बघा.

पिवळा झेंडा (प्रवेशाची परवानगी मागणारा) वर, नांगर खाली, आणि कप्तानाखेरीज कुणीही कागदपत्रं होईपर्यंत उतरायचं नाही. बोट काही आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणून पॅनेलांचे स्विच काढा. लिथियमचे संच काठोकाठ भरून उन्हात ठेवले की लवकर म्हातारे होतात. सुकाणूचे बोल्ट आणि छताखालचे वॉशर त्याच दिवशी तपासा, सैल निघालेल्यांवर रंगाची खूण करा, आणि पहाटेच्या टक्क्यांची वही फोटो काढून कुणाकडे तरी पाठवून ठेवा.